दादाच्या खात्यावरचे सूर

तिला सगळे तारताई म्हणत. पियानोच्या तारा सुरात लावणं हा तिचा धंदा, त्यात अंगाने काटकुळी आणि स्वभावाने ताणलेली. नाव चिकटलं ते कायमचं. वडील गेल्यावर तारा पिळायची किल्ली तिच्याकडे आली, घर आणि दुकान दादाकडे. नाकावर माशी बसू न देणारी ही बाई त्या वाटणीबद्दल मात्र कधी चकार शब्द बोलली नाही.

पन्नाशीत डावा कान दगा देऊ लागला, तेव्हा तिने फोनवर सूर मोजणारं अ‍ॅप घेतलं. फुकटात त्यात फक्त मधलं सप्तक चालायचं, वरच्या-खालच्या पट्ट्यांना कुलूप. अ‍ॅपमधूनच एकदा पैसे भरले की कुलूप निघायचं. तिला फोनमधलं तेव्हा ओ का ठो कळत नव्हतं. दादाने सगळं जुळवून दिलं, तिने रोख रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

मग एकदा तो फोन जिन्यावरून गडगडला आणि गेलाच. तिने नवा घेतला, खातं स्वतःच्या नावाने उघडलं, अ‍ॅप उतरवलं. शाळेच्या सभागृहातल्या पियानोसमोर बसून बघते तर काय, पुन्हा कुलूप.

ती तडक फोनच्या दुकानात गेली. दुकानदाराने 'आधीची खरेदी परत मिळवा' हे बटण दाबलं. उत्तर आलं, या खात्यावर कोणतीही खरेदी नाही.

"ताई, ही खरेदी फोनवर नसते, खात्यावर असते," तो म्हणाला. "आधी कुणाचं खातं होतं?"

"दादाचं."

"मग खरेदीही त्यांचीच. भरा की पुन्हा, किरकोळ तर रक्कम आहे."

"असेल किरकोळ. एकदा घेतलेली वस्तू मी दुसऱ्यांदा का घेऊ?"

तशीच ती दादाकडे गेली. दादा जेवून आरामखुर्चीत सैलावला होता, वहिनी ओटा पुसत होती. त्याने हसत हसत तिच्या फोनवर आपलं खातं चढवलं आणि तेच बटण दाबलं. कुलपं पटापट उघडली.

"राहू दे माझंच खातं," दादा म्हणाला. "तुला वेगळं हवंय कशाला? लागेल तेव्हा मागत जा. मी कधी नाही म्हटलंय?"

तो मायेनेच बोलला होता. तारताईला मात्र कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. दुकान त्याचं, घर त्याचं, आणि आता तिच्या हातातले सूरही त्याचेच. तिने फोन ओढून घेतला, त्याचं खातं काढलं, अ‍ॅप पुसून स्वतःच्या खात्यावर पुन्हा उतरवलं. कुलपं जागच्या जागी परत आली.

"अगं, हे काय केलंस?"

"विकत घेतेय."

"घेतलेलं परत घेणार? पैसे वर आलेत का?"

"आधीचं तू घेतलं होतंस, दादा. पैसे तेवढे माझे होते."

तिने आपल्या कार्डाचा नंबर टाकला. मग बोट नेटाने टेकवलं. पावती तिच्या नावाने आली.

"खुळीच आहेस," म्हणून दादाने टीव्ही लावला.

वहिनी हात पुसत पुढे आली. तिच्या हातात तिचा स्वतःचा फोन होता.

"यावर कुणाचं खातं आहे, बघतेस का गं?"

"माझंच आहे," दादा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला. "तुला काय कमी पडतंय?"

वहिनीने स्टूल ओढलं आणि त्याच्याकडे पाठ करून नणंदेशेजारी बसली. "नवं उघडायचं तर काय काय लागतं?"

त्या दुपारी वहिनीचं खातं उघडलं गेलं. दादा त्यानंतर कितीतरी दिवस दोघींशी धड बोलत नव्हता. दोघींचं काही अडलं नाही.