एकाच रक्ताच्या तीन नळ्या

वनिताच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या स्टँडवर जीपमध्ये बसले होते. "शोभा, वनी गेली वं," एवढंच ते म्हणाले. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दुखण्यानं उचल खाल्ली, आणि गावाहून नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... महिना उलटला, तरी मला काही सुचत नाही.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिचे बाबा गावच्या तलावात मासे धरायचे आणि ही पोरगी स्वेटर घालून, गुडघे दाबत वर्गात बसायची. गारठ्यानं तिचं दुखणं उसळायचं, म्हणून दिवाळीपासूनच आई तिला गोधडीत गुंडाळून ठेवायची. पुढं नागपूरच्या प्रयोगशाळेत तिनं संशोधनाला विषयही तोच घेतला: दुखणं येण्याआधी रक्तातली प्रथिनं काही इशारा देतात का? प्रथिनांचे तुकडे करायचे, त्यातले फॉस्फेट लागलेले तेवढे, फॉस्फेटला चिकटणाऱ्या बारीक मण्यांनी वेचायचे आणि यंत्रावर मोजायचे. रक्त तिचं स्वतःचंच. दुखण्याआधी एका तुकड्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तेव्हा ती तडक गावी आली आणि झिंग्याची भाजी दोनदा मागून जेवली.

पण एकदा करून तिचं कधी भागलं नाही. भाजीचं मीठसुद्धा पातेल्यात तीन ठिकाणी चाखायची. एकाच वेळी काढलेलं रक्त तिनं तीन नळ्यांत वाटलं, तिन्हींवर तीच प्रक्रिया वेगवेगळी केली, आणि उत्तरं तीन आली. मणी दर वेळी सारखं वेचतच नव्हते. बऱ्या आणि दुखऱ्या दिवसांत जेवढा फरक, त्याहून जास्त एकाच रक्तात. मणी बदलले, पद्धत बदलली, तरी तेच. छापायला निघालेला लेख तिनं मागे घेतला.

"मंग तुले दुखणार हाये का नाई, थे आता कळणारच नाई?" आईनं विचारलं.

"नाई वं माय. मले कळलं असं वाटलं होतं फक्त."

शोकसभेत सगळ्यांनी तिच्या खरेपणाचं कौतुक केलं. मला ते ऐकवत नव्हतं. खोटी का होईना, तिला ती आशा राहायला हवी होती.

मागच्या आठवड्यात तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी घरच्यांसाठी माझ्याकडे विचारलं, फ्रीजरमध्ये तिच्या रक्ताच्या तीन नळ्या आहेत. भरवशाची पद्धत निघेपर्यंत ठेवायच्या का? बाहेर काढल्या तर वाया जातील. मी गावी जाऊन तिच्या आईला सांगितलं. मासे साफ करता करता तिचा हात थांबला.

"बर्फात ठेवली हाये?"

"बर्फाहून थंड, काकू."

तिनं हात पदराला पुसले.

"तिले थंडी सोसत नाई वं, शोभा. काढाले सांग त्याईले."

सरांना मी अजून फोन केलेला नाही.