गाळ्यांची राखणदारीण

एप्रिल सरत आला की यूमा गावात हिवाळ्यापुरती आलेली म्हातारी माणसं पाखरांसारखी उत्तरेला उडतात. मिनेसोटा, डकोटा, कुणी थेट कॅनडा. हिवाळाभर वाळवंटात ऊन खाऊन झालेलं असतं. आता ते ऊन माणसाला खायला उठणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण इथं जमवलेला संसार दरवर्षी ओढून कोण नेणार? मग खुर्च्या, गाद्या, फ्रिज, शिलाई मशीन असं सगळं हायवेलगतच्या पत्र्याच्या गाळ्यांत कोंबायचं, शटर ओढायचं, कुलूप घालायचं आणि गाडीला किल्ली मारायची. नोव्हेंबरपर्यंत त्या गाळ्यांची नुसती भट्टी होते. आणि भट्टीच्या राखणीला उरायची एकटी नोरीन टॅकेट.

ही नोकरी तिच्या नवऱ्यानं धरली होती. हार्लन म्हणाला होता, "ऑफिसच्या वरती राहायला जागा मिळते, अजून काय हवं? दोन-तीन वर्षं काढू, मग एखादं घर बघू." घर बघायच्या आधीच हार्लन गेला. गाळ्यांचा मालक ड्वेन फिनिक्सला राहायचा. मयताला आला, नोरीनचा हात हातात घेऊन म्हणाला, "तू राहा गं इथंच. तुला कोण जा म्हणतंय?" तिला तेव्हा केवढा आधार वाटला होता! पुढं पुढं तिला वाटायला लागलं, की कुणीतरी 'जा' म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं.

कारण नोकरी सोडली की डोक्यावरचं छप्पर जाणार. शिवाय शेवटच्या ओळीतला एक गाळा ड्वेननं तिला तसाच वापरायला दिलेला. त्यात तिचं नि हार्लनचं जुनं सामान छतापर्यंत रचलेलं. डोंगरातल्या थंड फ्लॅगस्टाफला राहणारी धाकटी बहीण, मेरिबेथ, फोन केला की म्हणायची, "इकडं ये ना, एक खोली रिकामीच आहे." नोरीन म्हणायची, "आणि सामान?" तिथंच बोलणं खुंटायचं. रात्री फाटक बंद झालं की ते कुणाच्या बाजूनं बंद झालंय, हे तिचं तिलाच कळेनासं व्हायचं.

काम मात्र ती जीव लावून करायची. मार्च लागला की सामान लावणाऱ्यांच्या डोक्यावर जाऊन उभी. "लाकडी कपाट पत्र्याला टेकवू नका हो, तडकेल. मधे हात जाईल एवढी जागा सोडा. प्लास्टिक कशाला गुंडाळता? आत घाम धरतो, बुरशी येते. जुनी सुती चादर टाका. फ्रिजचं दार उघडं राहू दे, त्यात लाकडाची ढलपी अडकवा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्यात तर पापड होतील. आणि मेणबत्त्या, औषधं, खायचं-प्यायचं काही म्हणजे काही आत ठेवायचं नाही!"

मिनेसोटाची आर्डिस क्वामी तिला चिडवायची, "आली आमची हेडमास्तरीण." आर्डिस आणि तिचा नवरा ऑर्व्हिल दर हिवाळ्यात यायचे. बाई जिभेनं तिखट, पण मनानं मोकळी. नोरीन तिचं सामान स्वतः बांधून द्यायची.

एका जूनमध्ये ऊन चांगलं तापल्यावर आर्डिसचा फोन आला.

"नोरीन, अगं, घोळ झाला. नाताळच्या मेणबत्त्यांचं खोकं आतच राहिलंय. आईच्या गोधडीवर."

"गोधडीवर? आर्डिस, तुला मी सतरांदा सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंस गं. मी कधी कुणाचं ऐकलंय? आता बघ ना जरा. लाल मेण आहे. त्या गोधडीत उतरलं तर आई स्वर्गातून खाली उतरून मारेल मला."

शहाण्या माणसानं अशा वेळी गाळा उघडू नये. पहाटे उघडावा. पण पहाटेपर्यंत मेण थांबणार होतं थोडंच? नोरीननं टोपी घातली, आवारात फिरायची ढकलगाडीएवढी बॅटरीची गाडी काढली आणि पार मागच्या ओळीत गेली. फोन आणि पाण्याची बाटली गाडीतच राहिली. दोन मिनिटांचं तर काम!

जुडग्यातल्या किल्लीनं कुलूप काढून शटर वर सरकवलं. आतून तापल्या तव्यावरून यावी तशी हवा तोंडावर आली. ती आत शिरली. गोधडीवरचं खोकं उचलणार, एवढ्यात डोक्यावर बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. शटरची स्प्रिंग तुटली होती. सगळा पत्रा धडाडत खाली आला आणि जमिनीवर आदळला. गाळ्यात अंधार झाला.

आधी तिला हसूच आलं. मग तिनं वाकून शटरला हात घातला आणि चटका बसून मागं घेतला. टोपी हातात धरून पुन्हा उचललं. जागचं हलेना. आदळताना पत्रा एका बाजूनं खोबणीतून निसटून तिरपा अडकला होता. तिचा उजवा खांदा आधीच दुखरा. तिनं लाथा मारल्या, हाका मारल्या. हायवेवरून ट्रक जात होते. त्यांचा आवाज तिला येत होता, तिचा त्यांना जाणार नव्हता. आणि उन्हाळ्यात या आवारात येतं कोण? ज्यांचं सामान होतं ते सगळे दूर तळ्याकाठी गळ टाकून बसले होते.

घाम आधी धारांनी वाहिला, मग कमी झाला. याचा अर्थ तिला ठाऊक होता. ती जमिनीवर बसली, कारण फरशी त्यातल्या त्यात सुसह्य होती. शटरच्या खालच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती, तिथं तोंड नेऊन तिनं श्वास घेतला. बाहेरची हवाही भाजकीच. तिला वाटलं, हार्लन गेल्यापासून मी हेच तर करतेय. फटीशी तोंड लावून बसलेय. आणि आपण इथं मेलो तर कुणाला कळणार? ड्वेनला, पगाराच्या दिवशी.

या विचारानं तिला दुःख नाही, राग आला. मरायचंच असेल तर दुसऱ्याच्या खोक्यांत कशाला?

ती उठली. गाळ्यात काय कुठं आहे हे तिला अंधारातही आठवत होतं, तिनंच तर रचलं होतं. ऑर्व्हिलच्या ट्रेलरचा जॅक मागच्या लाकडी पेटीत, शिलाई मशीनच्या खाली. मशीन तिनं ढकललं. ते पडलं, काहीतरी फुटलं. चिनी मातीच्या बशांचं खोकं बाजूला फेकलं, त्याचाही चुरा झाला. इतकी वर्षं फुलासारखं जपलेलं लोकांचं सामान ती दोन्ही हातांनी उधळत होती, आणि मधेच तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं शिव्या देतोय. हार्लनला, ड्वेनला, आर्डिसच्या मेलेल्या आईलासुद्धा.

गोधडी ओढली तशी तिच्या घडीतून एक काचेची बरणी घरंगळत पायाशी आली. पीचच्या फोडी, पाकातल्या. हिनं नको नको म्हणून सांगितलेल्या. आर्डिसनं खास तिच्या नजरेआड लपवलेल्या.

झाकण निघता निघेना. गोधडीचं टोक धरून पिरगाळलं तेव्हा निघालं. पाक गरम होता, चहासारखा, आणि गोड तर इतका की घसा चरचरला. ती थोडी थोडी प्यायली. फोडी हातानं खाल्ल्या. डोळ्यांपुढची अंधारी जरा हटली.

मग पेटीतून जॅक काढून त्याचा दांडा तिनं शटरच्या फटीत घातला, सगळं अंग टाकून रेटला, आणि झालेल्या वितीएवढ्या जागेत जॅक सरकवला. फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. पत्रा कुरकुरला, वाकला, आणि जमिनीपासून सुटला. खांद्यातून कळा येत होत्या. आधी डोकं, मग एक हात. कमरेशी ती अडकली. खाली डांबर पोळत होतं, पाठीला पत्रा रुतत होता. ब्लाउज फाटला तेव्हा कुठं ती बाहेर आली.

बाटलीतलं पाणी पिऊन ती ऑफिसपर्यंत पोचली आणि पायरीवर बसली ती बसलीच. रस्त्यापलीकडच्या टायरवाल्या चुईनं तिला तिथं पाहिलं. तो तिला आपल्या स्पॅनिशमध्ये 'डोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"डोन्या नोरीन! काय हे? रक्त येतंय तुम्हाला!" त्यानं थंड पाण्याची बादलीच तिच्यावर ओतली. सगळं ऐकल्यावर तो भडकला. "मेणबत्त्यांसाठी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मला हाक मारायची होती!"

"मारली रे," नोरीन म्हणाली. "खूप मारली."

त्यानं तिला हाताला धरून गाडीत बसवलं. मग तिला दवाखान्यात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ड्वेनचा फोन आला. "शटर पार वाकवलंस की गं!"

"आत मी होते, ड्वेन."

"हो हो, ते कळलं मला. बरी आहेस ना? पण पत्रा अख्खा बदलावा लागणार."

आर्डिसला मात्र तिनं स्वतःहून फोन केला. मशीन पडलं, बशा फुटल्या, गोधडीवर पाक सांडला, हे सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"आर्डिस? रागावलीस?"

"कसल्या बशा?" आर्डिस म्हणाली. "मला आठवतच नाहीयेत. त्या गाळ्यात नक्की काय काय आहे हेही आठवत नाही बघ." आणि मग ती तिखट बाई फोनवर ढसाढसा रडायला लागली. "मी मेणबत्त्यांपायी तुला मारलं असतं गं, नोरीन. पीच तरी गोड होते का?"

तो उन्हाळा नोरीननं तिथंच काढला. जाणार कुठं? पण आता कुठलाही गाळा उघडला की ती आधी शटरखाली लाकडाचा ठोकळा लावायची, फोन गळ्यात अडकवायची, आणि तरीही उंबऱ्याशी थांबून ठोकळा दोनदा हलवून बघायची. स्वतःच्या गाळ्यासमोर तर ती कितीतरी आठवडे नुसती उभी राहून परत यायची.

हवा निवल्यावर एका शनिवारी तिनं तो उघडला आणि चुईला बोलावलं. हार्लनची हत्यारं चुईनं नेली. तो नको नको म्हणत होता, तिनं त्याच्या गाडीत टाकली. कपाट, पलंग, सोफा, कुणी ना कुणी येऊन घेऊन गेलं. सोफा उचलला तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहिली. चुईनं विचारलं, "ठेवायचा का?" ती म्हणाली, "ने. लवकर ने." हार्लनचं जाड लोकरी जाकीट तिनं ठेवलं, कारण ते थंडीत उपयोगी पडणारं होतं.

नोव्हेंबरात आर्डिस आणि ऑर्व्हिल आले. हिवाळाभर तिघं संध्याकाळी पत्ते खेळले. एप्रिलमध्ये त्यांचं सामान लावून झालं, तशी तिनं ड्वेनला किल्ल्यांचा जुडगा दिला. तो म्हणाला, "आणि उन्हाळ्यात बघणार कोण?" ती म्हणाली, "तू ये ना. राहायला जागा आहे वरती."

फ्लॅगस्टाफला पोचली तेव्हा डोंगरावर अजून बर्फ होतं. मेरिबेथ दारात स्वेटर गुंडाळून उभी. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

"सामान मागून येतंय का?"

"एवढंच आहे."

"एवढंच?" मेरिबेथनं बॅग उचलली. "मग राहणार किती दिवस?"

"तू हाकलशील तोवर," नोरीन म्हणाली. "चल आत, गारठले मी."