लिटरमध्ये न मोजलेली पेज

आईचं हृदय अशक्त झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पातळ ते सगळं धरून दिवसाला एक लिटर. त्याहून जास्त पोटात गेलं तर सूज चढेल, श्वास अडेल.

सूज आधीच होती. पायांतली जोडवी काढून देवघरात ठेवावी लागली होती. तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये वडील रोज सकाळी लिटरची बाटली भरून ठेवत. गोळ्यांचं पाणी त्यातलं, तिच्या कोऱ्या चहाचंही त्यातलंच. मग ते एक जोडवं तिच्या बोटाला लावून पाहत. ते अर्ध्यावर अडे. मग परत देवघरात.

दोन आठवडे झाले तरी सूज उतरेना. दोन पायऱ्या चढल्या की आई थांबायची.

रविवारी धाकटी बहीण आली. ती वसईत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आई जेवायला बसली होती. वडिलांनी पेज वाढली, पहिली वाटी, मग दुसरी.

"बाबा, ही पेज बाटलीत धरली का?"

"पेज कशाला धरायची?"

"पेज काय पानी आहे?" आई म्हणाली. "पेज जेवन आहे. कामणला आमच्याकडं आजारी मानसाला पेजच देतात."

आईचं माहेर कामणचं, भातशेतीचं. पेज म्हणजे जेवण, यावर आमच्या घरात कुणीच कधी शंका घेतली नव्हती.

बहिणीने औषधाच्या मापाने वाटी मोजली. दोनशे मिलिलिटर. मग वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं:

२०० मिलिलिटर/वाटी × २ वाट्या/वेळ × २ वेळा/दिवस

"एकक सोडायचं नाही, दादा. नुसता आकडा फसवतो." तिने वरच्या-खालच्या 'वाटी'ला काट मारली, तशीच 'वेळे'लाही. उरलं ८०० मिलिलिटर/दिवस. हजार मिलिलिटरचा एक लिटर, म्हणून तिने हजाराने भागलं: ०.८ लिटर. "वर बाटलीचा एक. म्हणजे आईच्या पोटात रोज जवळजवळ दोन लिटर जातंय."

वडील कागदाकडे पाहत राहिले. "मी रोज मोजत होतो गं," ते म्हणाले.

"बाटली बरोबरच होती, बाबा."

डॉक्टरांना फोन केला. तेही म्हणाले, पेज लिटरमध्येच धरा. नवा हिशोब बसला: दुपारी पेज चारशे, बाटली सहाशे. रात्री पोळी आणि सुकी भाजी.

"रात्री पेज न्हाई?" आईचा चेहरा उतरला.

त्या रात्रीपासून वडिलांनीही पेज घेतली नाही. पोळी त्यांना दातांमुळे जड जाते.

"तुम्हाला कुनी मना केलंय? खा की."

"कंटाळा आला पेजेचा," वडील म्हणाले. लग्नापासून ते रात्री पेजच जेवत आले होते.

"खोटं बोलता येत न्हाई तुम्हाला," आई म्हणाली आणि त्यांची पोळी कुस्करून आमटीत भिजवून दिली.

सूज हळूहळू उतरू लागली. एका सकाळी मी चहा घेत होतो. वडील नेहमीसारखे जमिनीवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला. जोडवं अर्ध्यावर थांबलं, मग सरकलं.

"सावकाश. घट्ट हाय अजून."

"घट्टच बरं," वडील म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे करायला सांगितलं.