औंधच्या चढावरचा काळा धूर

"सांगलीला पोचलो की गाडी विकून टाकायची," असं बाबांनी जेवताना जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. बाबा चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीनंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, गाडी चालवायला शिकले आणि हौसेनं एक जुनी डिझेल गाडी घेतली. वर्षभरात ती काळा धूर ओकू लागली. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता सांगितलं, "इंजिन खलास. म्हातारपणी शिकलं की असंच होतं." ते बाबांना फार लागलं. तेव्हापासून ते स्टिअरिंगवर अपराध्यासारखे बसायचे. सांगलीत मामानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. त्याच दिवशी मामाची साठीशांत होती. बाराच्या आत आईला औक्षणाला पोचायचं होतं.

कराडवरून हमरस्ता आहे, पण धूर सोडत ट्रकांच्या रांगेत जायची बाबांना लाज वाटत होती. म्हणून रहिमतपूर, औंध, विटा, तासगाव असा आतला रस्ता धरला. तुम्हाला घाई नसेल तर तुम्हीही हाच धरा, हिवाळ्यात तर नक्कीच. दोन्ही बाजूंना ज्वारी, मधे उसाच्या बैलगाड्या. रहिमतपूरला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. इतकी झणझणीत की आईनं दोनदा पाणी मागितलं. पुढे डोंगरावरचं यमाईचं देऊळ उन्हात दिसलं तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले.

औंध सोडलं आणि चढाला गाडीला धाप लागली. मागून येणारा सायकलवरचा दूधवाला धुरात पार नाहीसा झाला. तो बाहेर आला तो खोकतच. बाबा उतरून त्याची माफी मागायला लागले, तर तोच म्हणाला, "आवं, त्या चिंचंखाली हवालदाराकडं दावा की. त्यास्नी ऐकाय येत न्हाई, काकींशी बोला."

ऐकू न येणारा मेकॅनिक! मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झालो होतो. मला हसू आलं.

चिंचेखाली पत्र्याची शेड होती. हवालदार पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करत. एका स्फोटात दोन्ही कान गेले. काकी म्हणजे त्यांची बायको. त्या आमचं ऐकायच्या, हातवारे करून त्यांना सांगायच्या आणि ते मोठ्या आवाजात उत्तर द्यायचे.

"धूर चढालाच का उभ्या गाडीला बी?" हवालदारांनी विचारलं.

"उभ्या गाडीलाही," बाबा म्हणाले. काकींनी खुणा केल्या.

हवालदारांनी आधी हवेचा फिल्टर काढला, उन्हात धरला. "श्वास मोकळा हाय." मग काकींनी आणलेला धोतराचा पांढरा तुकडा त्यांनी सायलेन्सरसमोर धरला. त्यावर काजळी बसली. ती बोटांत चोळून त्यांनी बाबांना दाखवली. "कोरडी हाय. तेलकट न्हाई. म्हंजी ऑइल जळत न्हाई, पिस्टनच्या रिंगा ठीक हायत. इंजिन खलास कोन म्हनलं?"

बाबांनी ती काजळी स्वतःच्या बोटांत चोळून बघितली.

मग हवालदारांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, डोळे मिटले, आणि डिझेलच्या पंपाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या चार बारीक नळ्यांवर एकेक करून दोन बोटं ठेवली. वैद्य नाडी बघतो तशी. पहिली. दुसरी. तिसरीवर बोटं थांबली. पुन्हा पहिलीवर गेली, पुन्हा तिसरीवर आली. "हिचा ठोका येगळा लागतोय." त्यांनी पाना घेऊन तिसऱ्या नळीचा नट सैल करून तिचं डिझेल तोडलं, आणि मागचा धूर बघता बघता पांगला. आई उभ्या जागी हात जोडून राहिली.

त्या नळीच्या टोकाचा, डिझेल फवारणारा नोझल हवालदारांनी इंजिनातून काढला आणि नळीला बाहेरच जोडला. "हात म्होरं आणू नगा, डिझेल कातडीत शिरतंय," असं बजावून मला स्टार्टर मारायला लावला. नोझलमधून डिझेल नुसतं ठिबकत होतं.

काकी म्हणाल्या, "द्राक्षाच्या बागंत फवारा गळका असला की औषध पानावर बसत न्हाई, निस्तं गळतंय. तसंच हाय बगा. थेंब पुरता जळत न्हाई, त्याचाच धूर."

हवालदारांनी नोझल उघडला, आतली अडकलेली सुई स्वच्छ डिझेलमध्ये धुतली, काजळी खरवडली. पुन्हा स्टार्टर मारला, आणि उन्हात धुक्यासारखा सरळ, बारीक फवारा उडाला. एवढं सुंदर काही मी इंजिनात कधी पाहिलं नव्हतं.

"हे माझ्या चालवण्यामुळं झालं का?" बाबांनी हळूच विचारलं.

काकींनी खूण केली. हवालदार खदाखदा हसले. "आवं मास्तर, घाण डिझेलानं झालंय! तुमी बिनघोर चालवा. कान गेलं तवा मलाबी वाटलं, संपलं आता. मग बोटं शानी झाली."

विट्याला चहालाही न थांबता पावणेबाराला सांगलीत पोचलो. आईनं औक्षण केलं. गिऱ्हाईक ओसरीवर बसलं होतं, बाबांनी त्याला पेढा दिला आणि म्हणाले, "माफ करा, गाडी विकायची नाही." जेवणाच्या पंगतीत ते फक्त त्या दोन बोटांबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी परत आलो. येताना आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. त्या शेडपाशी बाबांनी हॉर्न वाजवला, मग चूक लक्षात येऊन खाली उतरले आणि भडंगाची पुडी देऊन आले.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "तुला एवढं शिकवलं, तुला का रे कळलं नाही?"

डिझेलचा दाब, ज्वलन, फवाऱ्याचा कोन, सगळं मला तोंडपाठ होतं. तीन महिने गाडी दारात धूर सोडत उभी होती, आणि मी एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं. तेच मी आईला सांगितलं.