व्याह्यांच्या घशातला गुलाबजाम

काश्मीरच्या पोस्टवर आमचा नर्सिंग असिस्टंट होता, नायक मोहनन. रविवारी लंगरमध्ये, म्हणजे आमच्या जेवणघरात, घशात घास अडकला तर काय करायचं ते तो एखाद्या जवानाला मागून मिठी मारून दाखवायचा. "खाँस सके तो खाँसने दो. आवाज बंद, तो पानी बंद. झुकाओ, पीठ पे मारो, फिर खींचो." आम्ही शिट्ट्या मारायचो. सगळ्यात मोठी माझी.

२००५ साली हवालदार म्हणून रिटायर होऊन बदलापूरला, कात्रपमध्ये राहायला आलो. पुढच्याच मे महिन्यात अंबरनाथच्या एका हॉलमध्ये पुतणीचं लग्न. दुपारी दीडला पंगत बसली. आमच्यात व्याह्यांना घास भरवतात, आणि घास जेवढा मोठा तेवढा मान मोठा. माझा भाऊ बाळू याने अख्खा गुलाबजाम व्याह्यांच्या तोंडात कोंबला. त्यावर दुसरा.

व्याही हसता हसता थांबले. दोन्ही हात गळ्याला. आवाज नाही.

"कुणीतरी आठवण काढतंय!" विहीणबाई म्हणाल्या. कुणी टाळूवर थापट्या मारल्या. बाळूने पाण्याचा ग्लास पुढे केला. व्हिडिओवाला लाइट मारून म्हणाला, "अंकल, इधर देखो!"

माणूस निळा पडत होता आणि यांचं शूटिंग चालू होतं. एवढी शिसारी मला फ्रंटवरही आली नव्हती.

"बाळ्या, पाणी बंद! व्याही, बोलता येतंय?"

मान हलली. नाही.

वाकवलं. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दणके. काही नाही. मागून मिठी मारली. पोट असं, की माझे हात जेमतेम जुळले. बेंबीच्या वर मूठ, तिच्यावर दुसरा हात, आत आणि वर हिसका.

"अहो भाऊ, माराल त्यांना!" विहीणबाई ओरडल्या.

चौथ्या हिसक्याला गोळा सुटला. पाक आणि लाळ यांत न्हालेला तो ऐवज बाळूच्या कोऱ्या सफारीवर आपटला आणि खिशावरून सावकाश घसरत खाली गेला. दोन बायका पंगतीतून उठल्या.

व्याह्यांनी करवतीसारखा श्वास घेतला. पहिले शब्द: "बाळासाहेब... तिसरा नको."

पोटाला हिसके बसले की डॉक्टरला दाखवायचं, हेही मोहननचंच. रिक्षात व्याह्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं हे?"

नाव सांगितलं.

"आणा त्यांना एकदा. माझ्या हाताने घास भरवतो. छोटा."

"तो नाही आता. जखमी जवानाला आणायला नाल्यात उतरला होता."



अजूनही चहा पिताना मला ठसका लागला की बायको म्हणते, "कुणीतरी आठवण काढतंय."

मी पुढे वाकून खोकतो. पाणी मागत नाही.