कंप्युटरला शिवलेला अभ्रा

समोर चिऱ्यांचं बांधकाम सुरू झालं आणि घरभर तांबडी धूळ बसू लागली. माझी सून घरूनच कंप्युटरवर नोकरी करते, म्हणून मी त्याच्या खोक्याला जाड कापडाचा अभ्रा शिवून घातला.

पुढे कंप्युटर रडतखडत चालू लागला. सुनेला साहेबांची बोलणी बसू लागली. मुलगा मुंबईहून आला तेव्हा त्याने तपासलं. “प्रोसेसरचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झ हवा, इथे तर एकाच्याही खाली आहे,” तो म्हणाला. सेटिंग बदलूनही फरक पडेना. मग त्याने खोक्याला हात लावला.

“अगं, हा भाजतोय! मागचा पंखाच झाकलाय. तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. हे कापड कुणी घातलं?”

“मीच,” सून पटकन म्हणाली. “माझ्या लक्षातच नाही आलं.”

मी दारातच उभी होते. अभ्रा निघाला, थोड्या वेळाने वेगही वाढला. जेवताना मला मान वर करवेना. तिने माझी चूक अंगावर घेतली होती आणि मी ती घेऊ दिली होती.