बाकावर बसलेल्या गोलकीपरचे सदतीस गोल

सोळा नंबरची गोलकीपर बाकावर बसली होती. गळ्यात टॉवेल, हातात पाण्याची बाटली. स्क्रीनवर अगदी स्पष्ट दिसत होती. आणि आमच्या शीटमध्ये त्याच सेकंदाला तिच्या नावावर एक गोल चढला होता.

मी व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा पाहिला. मग त्याच मॅचचे बाकीचे गोल काढले. असे नऊ निघाले. नऊ वेळा बॉल रिकाम्या गोलमध्ये गेला होता, आणि नऊही वेळा आम्ही बाकावरच्या बाईला दोषी धरलं होतं. माझं डोकं सणकलं.

शुक्रवार होता, सकाळचे अकरा. रिपोर्ट पाच वाजता क्लायंटला जायचा होता.

आमचं काम आधी सांगते. नागपुरात वर्धा रोडवर, तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही युरोपातल्या महिला क्लबांच्या हँडबॉल मॅचेस बघतो. लोकांना वाटतं, वा, मॅच बघायचा पगार. एकदा येऊन बसा म्हणावं. प्रत्येक शॉट थांबवायचा, कोणी मारला, कुठून मारला, गोल झाला की अडवला, गोलकीपर कोण, हे सगळं भरायचं. याला टॅगिंग म्हणतात. टॅगिंग पोरी करतात आणि त्यांचं काम मी तपासते. क्लायंट तिकडचा आहे. आमच्या आकड्यांवरून तो क्लबांना सांगतो, कोणती खेळाडू घ्यावी आणि कोणती घेऊ नये.

आता सोळा नंबर. युरोपात या बायकांच्या क्लबांसाठी दोन-तीन दर्जांच्या कप स्पर्धा असतात. ही खालच्या कपमधल्या एका छोट्या गावच्या क्लबची गोलकीपर. वय चौतीस, करार या सीझनला संपणार. आमच्या रिपोर्टमध्ये गोलकीपरनं शंभरातले किती बॉल अडवले याचा एक रकाना असतो. अठ्ठावीसच्या खाली आलं की नाव लाल होतं, आणि लाल नावं क्लबांच्या यादीत दिसतच नाहीत. सोळा नंबरचे सत्तावीस आले होते.

मग गोल रिकामा कसा, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे मॅच हरली की सामान बांधायचं. तिकडे कपमध्ये दोन टीम दोनदा खेळतात, एकदा तुमच्या गावात, एकदा त्यांच्या. दोन्ही मॅचेसचे गोल बेरजेला. त्यामुळे पहिली मॅच सात गोलांनी हरलेल्या टीमचं दुसरीत नुसतं जिंकून भागत नाही, आधीचे सात फेडावे लागतात. अशा वेळी कोच गोलकीपरला बाहेर बोलावतो आणि तिच्या जागी एक जादा खेळाडू हल्ल्याला पाठवतो. नियमात बसतं ते. पण हल्ला फसला की समोरची पोरगी अर्ध्या मैदानातून सरळ बॉल फेकते, अडवायला कोणी नाही. या टीमचा कोच तर ऊठसूट हेच करत होता. निर्णय त्याचा, गोल रिकामा, आणि लाल होणार सोळा नंबर.

मी स्वतः बारा वर्षं गोलमध्ये उभी राहिले आहे. कोराडीला, वडील पॉवर स्टेशनला होते, कॉलनीच्या ग्राउंडवर. राखेनं बॉल इतका बरबटलेला असायचा की मॅच संपेपर्यंत तळहात काळे. गोल झाला की सगळी टीम आधी वळून गोलकीपरकडे बघते. ती नजर मला अजून आठवते. म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मॅच टॅग केली होती पूजानं. काटोलची पोरगी, रोज एस.टी.नं येते, अजून प्रोबेशनवर आहे. मी तिला उभं करून सगळ्या फ्लोअरसमोर झापलं. डोळे आहेत की बटणं, असंही म्हणाले. ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, गोलकीपरचा रकाना कोरा ठेवला तर सॉफ्टवेअर सेव्हच नाही करत. मंग शेवटी जे होती तिचंच नाव टाकतो आम्ही."

"हे कोणी सांगितलं तुले?"

"तसंच सांगितलं होतं जी," ती एवढंच बोलली.

मी तडक मॅनेजर ढोके सरांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, टेम्पलेट क्लायंटचं आहे, क्लायंटची तक्रार नाही, सूचना म्हणून पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मांडा.

"सर, ती बाई मैदानातच नव्हती."

"मॅडम, तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? तिले काय माहीत होणार आहे, नागपुरात कोणी काय भरलं ते."

"तिले माहीत नाही होणार, म्हणूनच तर."

मी म्हटलं, असा रिपोर्ट गेला तर माझी सही त्यावर नसेल. सहीशिवाय रिपोर्ट जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, पाचपर्यंत काय करायचं ते करा, पण पाच म्हणजे पाच.

कपच्या सहा मॅचेस होत्या. चौघी बसलो. सॉफ्टवेअरला गोलकीपर पाहिजेच ना, मग आम्ही त्याला एक गोलकीपर दिली. टीमच्या यादीत नव्व्याण्णव नंबरची खेळाडू घातली, नाव 'रिकामा गोल'. जिथे जिथे सोळा नंबर बाकावर होती, तिथे नव्व्याण्णव टाकत गेलो. जेवायला कोणी उठलं नाही. पूजानं घरून संत्री आणली होती, तीच सोलून खात काम चाललं. सकाळचं बोलणं माझ्या मनात टोचत होतं, पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

सव्वाचारला शेवटची मॅच संपली. सहा मॅचेसमध्ये मिळून सदतीस गोल. सदतीस गोल एका बाईच्या डोक्यावर मारले होते आम्ही. ते काढले तेव्हा सत्तावीसचे बत्तीस झाले आणि नाव हिरवं झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पूजा फक्त म्हणाली, "बाप्पा, चांगलीच आहे की ते."

तेवढ्यात ढोके सरांनी फॉर्म पाठवला. चूक सापडली की हा भरावा लागतो. चूक काय, कधीपासून, जबाबदार व्यक्तीचं नाव. नावाचा रकाना कोरा ठेवला तर हाही सेव्ह होत नाही. सरांनी फोनवर सांगितलं, टॅगरचं नाव टाका, सोपं पडेल. टॅगर म्हणजे, चूक जिच्या मॅचमध्ये सापडली ती पूजा. पुढच्या महिन्यात तिची नोकरी पक्की व्हायची होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ठरवलं, ही 'शेवटची गोलकीपर टाका' अशी अक्कल ज्यानं पाजळली, त्याचंच नाव इथं घालायचं, मग तो ढोके का असेना. ऑफिस ग्रुपचे जुने मेसेज काढले. वर वर जात ऑगस्टपर्यंत पोचले. तिथं पूजाचा प्रश्न होता, कामाला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यातला. गोलकीपर बाहेर असताना गोल झाला तर कोणाचं नाव टाकायचं?

खाली उत्तर होतं. "लास्ट गोलकीपर टाक. काम थांबवू नकोस."

उत्तर माझं होतं.

पोरीनं बरोबर प्रश्न विचारला होता. बारा वर्षं गोलमध्ये उभं राहिलेल्या बाईनं तो अर्धा मिनिटही न थांबता उडवून लावला होता. आणि सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाताना तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी बऱ्याच जणांवर चिडले होते. सगळ्यात जास्त जिच्यावर चिडायला पाहिजे होतं तिचं, म्हणजे माझं, नाव मी रकान्यात टाकलं आणि फॉर्म पाठवला. मग उठून पूजाच्या खुर्चीपाशी गेले आणि सगळ्या फ्लोअरला ऐकू जाईल असं म्हटलं, "माझं चुकलं पूजा. सांगितलं मीच होतं."

"मले माहीत होतं ताई," ती म्हणाली. "तुम्ही विसरल्या असाल, म्हणून नाही बोलली."

रिपोर्ट पाचला दहा मिनिटं कमी असताना गेला. सोमवारी क्लायंटचं उत्तर आलं. आभार, आणि हे आधी का सांगितलं नाही, असा प्रश्न. नव्व्याण्णव नंबर त्यांनी सगळ्या टीमना लावायला सांगितला. ढोके सरांनी वार्षिक मीटिंगमध्ये तो आमची प्रोसेस सुधारणा म्हणून दाखवला, स्लाइडवर त्यांचं एकट्याचं नाव. माझ्या अप्रेझलमध्ये आलं, बारकाव्यांकडे लक्ष कमी. पूजाची नोकरी पक्की झाली.

यातून मी शिकले ते एवढंच. फॉर्मला नाव पाहिजेच असतं, म्हणून लोक जवळचं नाव भरतात. बोट ठेवायच्या आधी व्हिडिओ मागे घ्यावा, आणि ऑगस्टपर्यंत घ्यावा.

नव्या सीझनच्या पहिल्या महिन्यात पूजानं मला हाक मारली. स्क्रीनवर सोळा नंबर होती, दुसऱ्या क्लबच्या जर्सीत, त्याच कपमध्ये. कोणीतरी तिला घेतलं होतं. त्या मॅचमध्ये तिनं बेदम मार खाल्ला, एकतीस गोल. मी एकेक थांबवून तपासला. सगळे तिचेच होते.